गाडी बदलली तरी तिकीट तेच

सोलापूर डेपोत मनकर्णाबाईंनी उभी नोकरी घंटी मारण्यात काढली. स्टेअरिंगला हात लावला तो रिटायर झाल्यावर, आणि तोही घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून.

नवरा त्रिंबक एस.टी.त ड्रायव्हर होता. तो अचानक गेला तेव्हा त्याच्या जागी मनकर्णाबाईंना घेतलं. पण ज्या बाईला सायकलसुद्धा येत नाही तिच्या हातात बस कोण देणार? कंडक्टर केलं. हातात तिकिटांचा ट्रे आणि खांद्याला चामड्याची पिशवी आली. पहिल्या आठवड्यात पुढच्या दांड्याला कपाळ आपटून टेंगूळ आलं. दुसऱ्या महिन्यापर्यंत त्या चालत्या गाडीत काही न धरता उभ्या राहायला शिकल्या. पुढं त्यांचा आवाज असा तयार झाला की टेंभुर्णीच्या स्टँडवर "मागं सरका, मागं जागा हाय!" म्हटलं की शेजारच्या गाडीतली माणसंही मागं सरकायची.

पण मनात एक होतं. ड्रायव्हरच्या पाठीमागं उभं राहून राहून गिअर कुठं बदलायचा, कुठं नुसता पाय उचलायचा, हे सगळं त्यांना कळायचं. उजवा पाय आपोआप दाबला जायचा आणि खाली नुसता पत्रा लागायचा.

रिटायर झाल्यावर त्या सात रस्ता चौकातल्या राजशेखरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेल्या आणि काउंटरवर पर्स ठेवून म्हणाल्या, "मला बस चालवायचीय."

राजशेखर आधी त्यांच्याकडं आणि मग बाहेर रस्त्याकडं बघायला लागला. "मावशी, ड्रायव्हिंग स्कूल पलीकडं हाय."

"ते म्हाईत हाय मला. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, मला कोण लायसन देतंय? आमच्या पोरीच्या, संघप्रियाच्या ऑफिसातली पोरं कॉम्प्युटरवर ट्रक चालवतात म्हणं. तसली बस हाय का?"

होती. परदेशातल्या एका लहानशा कंपनीनं तो खेळ काढला होता. राजशेखरनं खऱ्यासारखं स्टेअरिंग आणि खाली पायाशी ब्रेक-क्लच असा सगळा संच जोडून दिला. खेळात स्वतःचा डेपो काढायचा, गाड्या घ्यायच्या, रूट धरायचे. प्रवासी चढतात, उतरतात, ब्रेक करकचून दाबला की कुरकुरतात. ती कुरकुर ऐकून मनकर्णाबाईंना फार बरं वाटायचं. इतकी वर्षं ड्रायव्हरच्या ब्रेकबद्दलची बोलणी कंडक्टरनं खाल्ली होती. आता स्वतःच्या ब्रेकची स्वतः खायची!

सपाट रस्ते हाताला बसले तसे त्यांनी घाट विकत घेतले. खेळातले रस्ते वेगवेगळे विकत मिळायचे. सणासुदीला माणूस एकेक अंगठी करतो तसा त्यांनी एकेक घाट केला. त्यांची नोकरी गेली अक्कलकोट, टेंभुर्णी, माळशिरस अशा रूटवर. त्या वाटेला चढ म्हणायचा तर रेल्वेचा पूल. घाट त्यांनी बघितलेला तो लोकांच्या फोटोत. आता सकाळची भांडी आवरून, चहाचा कप बाजूला ठेवून, त्या धुक्यातनं बस वर चढवायच्या. वळणावर हॉर्न द्यायच्या. खाली दरी दिसली की "बाबौ," म्हणायच्या आणि गिअर खाली घ्यायच्या.

या खेळात आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

खातं उघडताना जन्मतारखेचा रकाना आला तेव्हा त्यांची बोटं थांबली होती. आधारवर, दाखल्यावर, नोकरीच्या कागदांवर त्यांची तारीख होती एक जून. त्यांच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची आहे तीच. शाळेत घालताना आई त्यांचं बोट धरून टेंभुर्णीजवळच्या गावच्या शाळेत घेऊन गेली होती. पोरांची रांग होती. गुरुजी मान वर न करता प्रत्येकाच्या नावापुढं एक जून लिहीत होते. आई म्हणाली होती, "गुर्जी, हिची तारीख म्हाईत हाय मला. चौदा एप्रिल. जयंतीच्या दिवशी झालीय, पंचशीलाचा झेंडा चढवत हुते तवा." गुरुजी म्हणाले, "लिहून झालंय." आणि पुढच्या पोराला हाक मारली.

मनकर्णाबाईंना ते 'लिहून झालंय' पुढं जन्मभर पुरलं. लग्नात, नोकरीत, आधार काढताना दाखला बघितला जायचा आणि तीच तारीख उतरवली जायची. खेळाच्या खात्यात मात्र कुणी दाखला मागितला नाही. त्यांनी एकेक आकडा नीट बघून दाबला: चौदा, चार. तेव्हापासून दर चौदा एप्रिलला खेळ आपणहून वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायचा आणि त्यांच्या डेपोत फुग्यांनी सजवलेली एक बस उभी करायचा. ती बस घाटावरून एकदा फिरवून आणायची, मग पांढरी साडी नेसून पुतळ्याला जायचं, असा त्यांचा नेम झाला होता.

तर अशा या मनकर्णाबाईंनी आपलं खातं घालवलं, तेही शहाणपणा करून.

त्या लहान कंपनीला एका मोठ्या कंपनीनं विकत घेतलं. मोठ्या कंपनीनं सगळ्यांना मेल पाठवायला सुरुवात केली: तुमचं जुनं खातं बंद होणार आहे, मुदतीच्या आत आमच्याकडं नवं खातं काढा, नाही तर घेतलेलं सगळं जाईल, इथं दाबा. आता असला निरोप सोलापुरात कोण खरा मानणार? रोज कुणाच्या ना कुणाच्या फोनवर 'बँक खातं बंद होणार, लाईट कट होणार, इथं दाबा' असं येतच असतं. शेजारच्या बसव्वा अशाच एका फोनला भुलून ओटीपीचा आकडा सांगायला निघाल्या होत्या. मनकर्णाबाईंनी त्यांच्या हातातला फोन हिसकावून घेतला होता. तेव्हापासून गल्लीत या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. रविवारी विहारात वंदना झाली की त्या बायकांना बजावायच्या, "खातं बंद हुणार म्हणून जो सांगतो, तो चोर. खरा मालक कधी घाई करत न्हाई."

कंपनीचा मेल आला की त्या तो पुसायच्या. परत आला, परत पुसायच्या. एकदा तर विहारात सगळ्यांना दाखवून पुसला.

मुदत उलटून गेल्यावर एका सकाळी त्यांनी चहा बाजूला ठेवला, स्टेअरिंग धरलं, आणि पडद्यावर बसऐवजी एक पांढरी पाटी आली. या नावाचं खातं अस्तित्वात नाही.

त्यांनी पुण्याला मुलीला फोन लावला. संघप्रिया तिथं एका आयटी कंपनीत होती.

"आई, तुला मेल आले नव्हते का?"

"आले हुते की. पुसले मी."

"पुसले?"

"चोराचे म्हणून."

संघप्रिया हसायला लागली, आणि हसता हसता तिला कळलं की आई हसत नाहीय. "अगं, खरे होते ते. जाऊ दे, मी तुला दुसरा खेळ घेऊन देते. याच्याहून भारी."

"मला भारी नको. माझा हाय तो पाहिजे. मी इकत घेतलाय."

राजशेखरनंही तेच सांगितलं. "मावशी, तुम्हाला वाटतं इकत घेतलं. ह्यात इकत काय नसतं. ते वापरायला देतात, त्यांच्या मनात हाय तोवर. सगळ्यांचंच गेलंय. माझ्या मेव्हण्याचे दोन खेळ गेले, काय केलं त्यानं? दुसरे घेतले."

मनकर्णाबाई दुकानातल्या स्टुलावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "राजशेखर, तू एस.टी.नं कधी गेलायस का?"

"लहानपणी."

"गाडी मधीच बंद पडली तर कंडक्टर काय करतो?"

"मागच्या गाडीत बसवून देतो."

"नवं तिकीट घेतो का?"

"न्हाई घेत."

"पाकणीजवळ एकदा आमची गाडी बंद पडली. रणरणतं ऊन. मागनं आलेली गाडी भरलेली, तिचा कंडक्टर म्हणतो, माझ्या गाडीत बसायचं तर माझं तिकीट काढा. मी दारात उभी ऱ्हायले. म्हणलं, माणसांनी सोलापूरचं तिकीट काढलंय, पाकणीचं न्हाई. गाडी बदलली तरी तिकीट तेच. सगळी माणसं बसवल्याबिगर तुझी घंटी वाजू देणार न्हाई." त्या उठल्या आणि पर्स उचलली. "आता कळलं का? ह्यांनी गाडी बदललीय. मी बदलली न्हाई."

कंपनीला लिहायचं ठरलं. मनकर्णाबाई फोनवर मराठीत सांगायच्या, संघप्रिया इंग्रजीत करून पाठवायची. पहिल्यांदा मशीनची उत्तरं आली: तुमचं म्हणणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं. मनकर्णाबाई म्हणाल्या, "हे कंट्रोल रूमसारखंच हाय. 'गाडी थोड्याच वेळात लागेल.' तू लिहीत ऱ्हा."

अखेर एक माणूस सापडला. एमा नावाची बाई. तिनं लिहिलं, खातं तुमचंच आहे हे सिद्ध करा. सरकारी ओळखपत्रावरची जन्मतारीख खात्यातल्या तारखेशी जुळली की पुढं बघू.

आधारवर एक जून. खात्यात चौदा एप्रिल.

"आता?" संघप्रिया म्हणाली. "आई, तू त्यात खरी तारीख का टाकलीस?"

"खेळात तरी खरं बोलावं म्हणलं."

एमाला कळवलं की खात्यातली तारीख खरी आहे, आधारवरची शाळेतली आहे. एमाचं उत्तर आलं, अगदी सभ्य: सरकारी कागदावरची तारीख चुकीची कशी असेल? मनकर्णाबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं. एमाचा त्यांना राग आला नाही. जिथं मूल जन्मताच कागद होतो तिथं तिचा जन्म झालेला; तिला गुरुजींची रांग कशी माहीत असणार? तिला दाखवायला लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्टँडवरच्या कँटीनमध्ये गेल्या. रिटायर झालेली एस.टी.ची मंडळी तिथं पेन्शनच्या गप्पा मारत बसायची. त्यांच्यात मायाप्पा ड्रायव्हर होते, माळशिरसकडचे धनगर, डोक्याला फेटा, हातात बशी. मनकर्णाबाई त्यांच्या गाडीवर कितीतरी वर्षं कंडक्टर होत्या.

"जय भीम, बाई. आज इकडं कुटं?"

"जय भीम. मायाप्पा, तुमचा जन्म कवाचा?"

"एक जून."

"कागदावरचा न्हाई. खरा."

मायाप्पांनी बशी खाली ठेवली. "आता ते म्या कसं सांगू? आय म्हणायची, पांढरी म्हस याली त्या दिशी. म्हशीचा दाखला आणू का?"

कँटीन हसलं. मनकर्णाबाईंनी टेबलाभोवती नजर फिरवली. "कोण कोण एक जूनचं हाय? हात वर करा."

बसलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांचे हात वर गेले. चहा देणाऱ्या आण्णानंही किटली खाली ठेवून हात वर केला.

"म्हणून तर सगळे एकतीस मेलाच रिटायर झालो," एक जण म्हणाला. "आमच्या वर्षी तर हार कमी पडले हुते. माझ्या गळ्यातला काढून ह्याला घातला."

"आधार काढा सगळ्यांनी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "फोटो काढायचाय."

"कशाला?" मायाप्पांनी डोळे बारीक केले. "बाई, तुमीच सांगता आधार कुणाला दावू नगा म्हणून."

"नंबरावर अंगठा ठेवा. तारीख तेवढी दिसू द्या."

सगळं ऐकून झाल्यावर मायाप्पांना एकच गोष्ट पटेना. "म्हंजी तुमी खोटी गाडी परत मिळावी म्हणून एवढं करताय?"

"गाडी खोटी असंल. चालवणारी मी हाय."

"लई अवघड," मायाप्पा म्हणाले आणि फेटा सारखा करून फोटोला सर्वात पुढं बसले.

फोटो झकास आला. कँटीनच्या बाकड्यांवर दाटीवाटीनं बसलेली मंडळी, प्रत्येकाच्या हातात आधार, नंबरावर अंगठा, आणि ओळीनं सगळ्यांच्या नावाखाली एक जून. गावं वेगळी, वर्षं वेगळी, जाती वेगळ्या, तारीख एक. मनकर्णाबाईंनी सोबत लिहायला सांगितलं: "एमाताई, ही सगळी माणसं वेगवेगळ्या गावांत एकाच तारखेला जन्मली, असं आमचं सरकार म्हणतं. तुमचा विश्वास बसतो का? माझ्या खात्यात बघा. दर वर्षी चौदा एप्रिलला तुमच्या खेळानं मला फुग्यांची बस दिलीय आणि दर वर्षी मी ती घाटातून फिरवून आणलीय. ज्याचा वाढदिवस नाही तो माणूस त्या दिवशी सकाळी सकाळी एवढा घाट कशाला चढेल? मी तिकीट काढलेलं आहे. गाडी तुम्ही बदललीत. मला बसवून द्या."

"एमाताई?" संघप्रियानं विचारलं.

"माझ्यापेक्षा लहान असली तरी हुद्द्यावर हाय. ताई लिही."

यावर एमाचं उत्तर लवकर आलं. तिनं खात्याच्या नोंदी तपासल्या होत्या, फुग्यांची बस खरंच दर वर्षी निघालेली होती. तिनं तो फोटो ऑफिसात सगळ्यांना दाखवला होता आणि पुढं बसलेले फेटेवाले गृहस्थ कोण, असंही विचारलं होतं. खातं तुमचंच आहे, असं तिनं लिहिलं होतं. पण खाली एक अडचण होती. नवी यंत्रणा तारखा जुळल्याशिवाय सगळं सामान आपोआप हलवत नाही. मनकर्णाबाई जन्मतारीख एक जून करायला तयार असतील तर डेपो, गाड्या, विकत घेतलेले सगळे घाट, सगळं एका क्षणात येईल. तयार नसतील तर एमा स्वतः मूळ खेळ आणि डेपो तेवढा हलवू शकेल. वेगळे घेतलेले रस्ते हातानं हलवायची सोय तिच्याकडं नाही. कृपया होय किंवा नाही कळवा.

म्हणजे घाट हवे असतील तर एक जून.

संघप्रिया त्या आठवड्यात घरी आली होती. ती आईच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. "आई, होय म्हण की. आपल्याला माहितीय ना तुझा वाढदिवस कधी ते? केक मी चौदालाच आणणार. खात्यात काय लिहिलंय त्यानं काय फरक पडतो? आधारवर आहेच की एक जून. त्यावर सही करत आलीसच ना तू?"

मुलीचं चुकत नव्हतं. मनकर्णाबाईंनी एमानं मेलसोबत पाठवलेला घाटांचा नकाशा बघितला. पहिला घाट त्यांना चढायला किती दिवस लागले होते! अर्ध्यात इंजिन बंद पडायचं, मागचे प्रवासी ओरडायचे. मग एक दिवस वरच्या वळणावर पोचल्या आणि समोर एकदम आभाळ उघडलं होतं. उठून स्वयंपाकघरात जाऊन त्या पाणी प्यायल्या होत्या तेव्हा. ते सगळं आता जाणार होतं.

"संघे," त्या म्हणाल्या, "गुर्जींनी मला इचारलं न्हवतं. डेपोतल्या क्लार्कनं न्हवतं इचारलं. आधारच्या पोरानं दाखला बघितला आणि उतरवलं. मी नुसती सही केली."

"मग?"

"आज पयल्यांदा कुणीतरी इचारतंय, बाई तुमची तारीख कुठली लिहू? आणि मीच सांगू, एक जून?" त्यांनी मान हलवली. "इतके दिवस चूक गुर्जींची हुती. आता सांगितलं तर माझी हुईल."

"घाट जातील, आई. सगळे."

"हां," मनकर्णाबाई म्हणाल्या. "न्हाई म्हणून कळव."

संघप्रियानं टाइप करायला हात पुढं केला, तेव्हा मनकर्णाबाईंनी कीबोर्ड आपल्याकडं ओढला. इंग्रजी 'नो' एवढं त्यांना येत होतं. त्यांनी ते स्वतः टाइप केलं.

दोन दिवसांनी डेपो परत आला. गाड्या ओळीनं उभ्या होत्या, नावाची पाटी तीच होती. नकाशावर जिथं घाट होते तिथं करडा रंग पसरला होता, रस्ता पायथ्याशी येऊन संपत होता. मनकर्णाबाईंनी ते एकदा नीट बघून घेतलं. मग चहा केला, आणि एमाला घाटांबद्दलचं पहिलं पत्र लिहायला घेतलं. घाटाचंही तिकीट आपण काढलेलं आहे, ते कुठं गेलं, हे त्या शांतपणे विचारतात. पत्र दर सोमवारी जातं. एमानं कळवलंय की तिनं वर बोलणं सुरू केलं आहे. मनकर्णाबाईंना घाई नाही. त्यांनी एस.टी.च्या नोकरीत पेन्शनची फाईलसुद्धा हलवून दाखवली आहे.

या सगळ्याची हकिकत ऐकून मायाप्पा एक दिवस खोटी गाडी बघायला घरी आले. चप्पल बाहेर काढून, फेटा काढून मांडीवर ठेवून, जरा अवघडून खुर्चीवर बसले.

"बघू द्या की जरा," ते म्हणाले. "जल्मभर तेच केलंय."

मनकर्णाबाईंनी त्यांना स्टेअरिंग दिलं. मायाप्पांनी ते खऱ्या एस.टी.चं असल्यासारखं दोन्ही हातांनी जोर लावून फिरवलं. बस डेपोच्या फाटकातून बाहेर पडली, रस्ता ओलांडून पलीकडच्या फुलांच्या दुकानात शिरली आणि थांबली. मागून प्रवाशांची कुरकुर सुरू झाली.

"ह्ये कोण बोलतंय?" मायाप्पा दचकून मागं बघायला लागले.

"प्रवासी."

"मला बोलत्यात?"

"मग कुणाला? ब्रेक तुमी दाबला." मनकर्णाबाई त्यांच्या पाठीमागं उभ्या होत्या, काही न धरता. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि मायाप्पांच्या खांद्यावर हलकंसं बोट मारलं. "उठा मायाप्पा. माणसं खोळंबलीत. गाडी मला चालवू द्या."